आजीचं स्वयंपाकघर १:१२ मापात, आणि नाताळआधीचे बाजार

चिंचोका:

दिवाळीत मी इथे विचारलं होतं की कोकणातल्या आजीच्या घराचं स्वयंपाकघर एका खोक्यात बसवायचं तर माप कुठलं धरू. तिघाचौघांनी १:१२ सांगितलं, धरलं. म्हणजे फुटाचा इंच. हिशेब सोपा वाटतो, पण आईला फोनवर "चुलीची उंची किती होती गं?" विचारलं की ती "वीतभर" म्हणते. मग मी वितीचे इंच आणि इंचाचे मिलिमीटर करत बसते.

मी न्यूर्नबर्गला राहते, नऊ वर्षं झाली. या गावाला खेळण्यांचं वेड आजचं नाही. "न्यूर्नबर्गची चिमुकली चीजवस्तू देशोदेशी जाते" अशा अर्थाची जुनी जर्मन म्हणच आहे. इथली सॉसेजंसुद्धा बोटाएवढी असतात, एका पावात तीन बसतात. अशा गावात राहून छोट्या वस्तूंचा नाद लागला नसता तरच नवल. या वेळी दोन दिवस रजा टाकली आणि नाताळच्या बाजाराचा पहिला आठवडा खोक्याच्या नावावर केला. त्याची ही रोजनिशी. लांबली आहे, सांभाळून घ्या.

शुक्रवार. संध्याकाळी साडेपाचला बाजार उघडतो. चौकातले दिवे मालवतात, आणि फ्राउएनकिर्श या चर्चच्या सज्जात सोनेरी केसांची, सोनेरी मुकुटातली मुलगी उभी राहून कविता म्हणते. ती क्रिस्टकिंड, या बाजाराची मानकरी. दर दोन वर्षांनी शहरातल्या एका तरुण मुलीची निवड होते. २०१९ साली निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातले. त्यावरून एका राजकीय पक्षाच्या स्थानिक पानावर घाण लिहिलं गेलं आणि मग अख्खं शहर तिच्या बाजूनं उभं राहिलं. मी त्या वर्षी पहिल्यांदा गर्दीत धक्के खात ही कविता पूर्ण ऐकली होती. असो, विषय स्वयंपाकघराचा.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपराखालची लाकडी दुकानं, एकूण पावणेदोनशेच्या आसपास. पहिल्या दिवशी काही घ्यायचं नाही असं ठरवून गेले आणि आलुबुखाराचा माणूस घेऊन आले. ही इथली खासियत. तारेचा सांगाडा, सुक्या आलुबुखाराचे हातपाय, अंजिराचं धड, अक्रोडाचं डोकं, वर कापडाचे कपडे. घरी येऊन पट्टी लावली तर १९ सेंटिमीटर. माझ्या मापात साडेसात फुटी. आजीच्या स्वयंपाकघरात शिरला तर आढ्याला डोकं आपटेल. खिडकीत ठेवलाय.

शनिवार. जांभा! हा शोध माझा नाही, मिनिएचरवाल्या लोकांचं जुनं गुपित आहे, पण जांभ्यासाठी कुणी वापरलेलं मी पाहिलं नव्हतं: वाइनच्या बाटलीची बुचं. कॉर्कला मुळातच जांभ्यासारखी भोकं असतात. शेजाऱ्यांकडून पिशवीभर जमवली होती. आमच्याकडचा चिरा साधारण १४ इंच लांब, म्हणजे मला ३० मिलिमीटर हवा. बूच उभं धरून पाच मिलिमीटर जाडीचे काप काढले, कडा चौकोनी केल्या. धारदार ब्लेड लागतं आणि ते दर दहा चिऱ्यांनी बदलावं लागतं, नाहीतर कॉर्कचा चुरा पडतो. रंग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), त्यात जरा पिवळा, आणि ओला असतानाच फडक्यानं पुसून घ्यायचा. दीड भिंत झाली. बोटं लाल.

रविवार. ॲडव्हेंटची, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतली, पहिली मेणबत्ती लावली आणि भट्टी, म्हणजे घरातला ओव्हन, पेटवली. फीमो नावाची माती तुमच्यापैकी बरेचजण वापरतात. ती इथे न्यूर्नबर्गलाच बनते हे मला इथे येऊन तीन वर्षांनी कळलं. बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझेच्या मुलीनं, फीफीनं, ती आधी केली. फीफीचं 'फी' आणि मोझाइकचं 'मो'. ११० अंशांवर अर्धा तास, त्यापुढे गेलात तर घरभर वास आणि नवऱ्याचं भाषण.

पाटा-वरवंटा केला. काळी आणि राखाडी माती अर्धवट मळायची, एकजीव करायची नाही. पण पाटा गुळगुळीत दिसला की खोटा वाटतो, त्याला टाकी लावलेली दिसायला हवी. मग जाड मिठाचे दाणे वरून दाबून बसवले, तसंच भाजलं आणि गार झाल्यावर पाण्यात टाकलं. मीठ विरघळलं, खळगे राहिले. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

सोमवार. हंडा बिघडला. मंगळवारी ऑफिस.

बुधवार. रजा. सकाळी जर्मानिशेस नॅशनल म्युझियम. तिथे १६३९ सालचं एक बाहुलीघर आहे, श्ट्रोमर घराण्याच्या नावानं ओळखलं जातं. चांगलं माणसाच्या उंचीपेक्षा मोठं. ही घरं पोरींना खेळायला नव्हती, श्रीमंतांच्या मिरवायच्या वस्तू होत्या. त्याच्या आठ वर्षं आधी, १६३१ साली, आन्ना क्योफर्लिन नावाच्या इथल्याच बाईनं तर स्वतःचं बाहुलीघर लोकांना पैसे घेऊन दाखवलं होतं. तीस वर्षांचं युद्ध चालू असताना! मला ही बाई फार आवडते.

दुपारी खेळण्यांच्या संग्रहालयात. तिथे मी खरी थांबते ती 'न्यूर्नबर्ग स्वयंपाकघरां'पाशी. तीन भिंतींचं उघडं खोकं, चौकटीची फरशी, मधोमध बांधीव चूल, वर धुराडं, भिंतीभर कथलाच्या थाळ्या आणि तांब्याचे साचे. जर्मन घरांत ही खेळातली स्वयंपाकघरं नाताळात माळ्यावरून खाली यायची आणि सण सरला की परत वर जायची. आमची भातुकली अशीच मे महिन्यात पोत्यातून निघायची, आणि पहिला पाऊस पडला की आजी ती मोजून परत आत टाकायची. दोन पातेल्या कमी भरल्या की चौकशी.

शुक्रवार. निकोलाउस, म्हणजे संत निकोलसचा दिवस, मुलांच्या बुटात खाऊ ठेवायचा. लेकीच्या बुटात संत्रं, अक्रोड आणि माझ्या नजरचुकीनं एक फीमोची चकली. तिनं चावून पाहिली. गिळून टाकली नाही, एवढंच सांगते, परत माझ्याकडे दिली.

शनिवार. आठवड्यावर एक दिवस जास्त, पण हाच मुख्य. शहराबाहेरच्या एका सभागृहात बाहुलीघरांचा आणि छोट्या वस्तूंचा बाजार भरतो. पन्नासेक टेबलं, कॉफी, घरचे केक, आणि डोळ्यांना भिंग लावलेल्या बायका. एका टेबलावर 'हातानं केलेले' म्हणून पाव विकत होते, घरी येऊन पाहिलं तर सहाच्या सहा पावांवर एकच ओरखडा, त्याच जागी. साच्यातले. गेले नऊ युरो.

शेवटच्या टेबलावर एक आजोबा जुनी स्वयंपाकघरं विकत होते. तिथे मला पितळेचा खलबत्ता मिळाला, दीड सेंटिमीटर उंच, चौदा युरो. न्यूर्नबर्गच्या स्वयंपाकघरात खल असतोच आणि आजीच्या स्वयंपाकघरातही होता, मापही अचूक. त्यांना मी फोनवर माझ्या खोक्याचे फोटो दाखवले. चूल, वैल, उतरंड, पाटा, सूप, शिंकं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "इथे किती वर्षं स्वयंपाक चाललाय?" म्हटलं, शंभर तरी. ते म्हणाले, "मग धूर कुठे गेला?" आणि स्वतःचं एक खोकं पुढे ओढून दाखवलं. १९०० च्या आसपासचं, स्पिरिटच्या दिव्यावर खरोखर शिजवायचं. चुलीमागचा कागद करपलेला, फरशीवर डाग, एका कपाटाच्या दाराला बोटांचा मळ. किंमत माझ्या आवाक्याबाहेर.

गाडीत बसून पुन्हा माझे फोटो पाहिले. हॉटेलातलं 'कोकणी कॉर्नर' वाटलं. आता सांगा, धूर कसा करू?

---

रानजाई:
पहिली मी! मिठाची युक्ती चोरलेली आहे, नोंद घ्यावी. फोटो?

---

तुळशीबाग:
चिंचोका, मस्तच. माझ्याकडे आईची पितळी भातुकली आहे. तीत बंब आणि तपेली एकाच उंचीची, आणि चिमटा दोघांपेक्षा लांब. भातुकलीवाल्या कासारानं माप बघितलंच नसणार, पोरीच्या हाताला काय धरता येईल तेवढं बघितलं. तुम्ही लोक १:१२ चा जो धोशा लावता त्याची मला गंमत वाटते.

धूर म्हणाल तर मेणबत्तीची काजळी धरा की सरळ.

---

चिंचोका:
@तुळशीबाग, मेणबत्ती आणि कॉर्कची भिंत? नको गं बाई. भाड्याचं घर आहे.
माप मात्र हवंच. इथल्या जुन्या खेळातल्या घरांचं माप बरेचदा १:१० असतं, बाजारात सगळं मिसळलेलं. १:१० ची खुर्ची १:१२ च्या खोलीत ठेवली की राक्षस जेवायला आल्यासारखं दिसतं. म्हणून मी पर्समध्ये पट्टी ठेवते. लोक हसतात.

---

खडूस_काका:
लेखन चांगलं आहे. पण मोठ्या माणसांनी चौदा युरोचा खलबत्ता घेणं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. आणि दुसरं, ही खेळातली स्वयंपाकघरं काय किंवा भातुकली काय, मुलींना लहानपणापासून चुलीला जुंपायची सोय होती. त्याचं इतकं कौतुक कशाला?

---

शेवंती७:
काकांचा दुसरा मुद्दा बरोबर आहे, पहिला नाही. तुमच्या क्रिकेटच्या बॅटी किती आहेत ते मागच्या धाग्यात वाचलंय.

---

चिंचोका:
काका, जुंपायचीच सोय होती, नाकारत नाही. संग्रहालयातल्या स्वयंपाकघरात तर पाककृतींची छोटी पुस्तकं असतात, मुलींसाठी. माझ्या आजीनं त्या चुलीपुढे साठ वर्षं काढली आणि तिला मोतीबिंदू झाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न चुलीचाच विचारला. म्हणूनच तर तो आजोबांचा प्रश्न लागला. मी चूल केली, उतरंड केली, लाल भिंती केल्या. आणि तिच्या डोळ्यात जे जायचं तेच गाळलं.

---

खडूस_काका:
हं. हे मूळ लेखात हवं होतं.

---

लेस्टरची_लेक:
आमच्याकडे लंडनला केन्सिंग्टनमध्ये नाताळआधी असाच मेळा भरतो, त्याचं मी नंतर लिहीन. पण विंडसर कॅसलमधलं क्वीन मेरीचं बाहुलीघर पाहिलंस का कधी? १९२१ ते १९२४ मध्ये केलेलं, नवी दिल्ली बांधणाऱ्या लट्यन्सनं आराखडा काढला. तेही १:१२ च. नळाला पाणी येतं, दिवे लागतात, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन. दीड हजारांहून जास्त कलाकार-कारागीर राबले म्हणे. मी तासभर पाहिलं आणि बाहेर आल्यावर काहीच आठवेना. आता कळलं का. तिथे कुणी कधी काही सांडलेलंच नाहीये.

---

मोती_तलाव:
सावंतवाडीहून. आमच्या चितार आळीत लाकडाची भातुकली अजून मिळते, रंगवलेली. पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे, हलकं आणि कातायला मऊ. तुमच्याकडे ते लाकडाच्या गोल कड्यातून प्राणी काढतात ना, ते पाहिलंत का? मी व्हिडिओत पाहिलंय, अजून विश्वास बसत नाही.

---

चिंचोका:
@मोती_तलाव, ते झाय्फनचं काम, इथून लांब, सॅक्सनीत, चेक सीमेजवळ. पूर्वी कथलाच्या खाणी होत्या. खाणी आटल्या तशी माणसं लाकडाकडे वळली. ओल्या स्प्रूसची चकती लेथवर लावतात आणि दोन्ही बाजूंनी कोरत जातात. कड्यावर घोडा कुठे आहे हे कातणाऱ्यालाही दिसत नसतं, सगळं हाताच्या अंदाजावर. मग कडं चिरायचं, केकचे तुकडे करतात तसं, आणि प्रत्येक कापात घोड्याची आकृती. इथल्या बाजारात त्यांची दुकानं येतात. मी एक न सोललेला, नुसता चिरलेला तुकडा विकत घेतलाय, त्याला अजून कान नाहीत. तसाच बरा वाटतो.

---

सुकेळी:
वसईकर हजर. आमच्याकडे सध्या गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, तयारी. नाताळच्या दोन-अडीच आठवडे आधी नाचणी पेरायची ताटलीत, म्हणजे सणाला हिरवंगार शेत तयार. माझा मुलगा विचारतो, बाबा, गाईपेक्षा नाचणी उंच का? त्याला म्हटलं, बेथलेहेमात पाऊस चांगला झाला होता.

धुरासाठी सांगतो. गोठ्याचं छप्पर जुनं दाखवायला आम्ही कोळसा सहाणेवर उगाळून कोरड्या ब्रशनं मारतो. पाणी अजिबात नाही.

---

पणजीकार:
गोंयांतय तशेंच! सॉरी, मराठीत लिहितो. आमच्या वाड्यावर गोठो आणि नखेत्र (चांदणीचा कंदील), दोन्हींच्या स्पर्धा असतात. बांबूच्या कामट्यांचं नखेत्र सरळ करणं हे तुमच्या १:१२ पेक्षा अवघड आहे, पाच टोकांतलं एक नेहमी खाली लोंबतं. नाचणी आमच्याकडेही. मला वाटायचं हे फक्त आमचं, मग पुण्यात शिकायला आलो तर दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी आणि अळीव पेरलेले पाहिले.

---

रानजाई:
किल्ल्यावर शिवाजी महाराज एक फुटाचे आणि मावळे दोन इंचांचे असायचे आणि कुणालाही काही वाटायचं नाही. चिंचोकाताई तेव्हा पट्टी घेऊन फिरत असणार.

---

चिंचोका:
फिरत होते. 🙈

धुराची बातमी. सुकेळी, तुमची पद्धत चालली, थोडी बदलून. कोळशाऐवजी कोरडे पेस्टल खडू, काळा आणि गडद तपकिरी, ब्लेडनं खरवडून पूड केली. नुसता काळा लावला तर भिंत जळाल्यासारखी दिसते, तपकिरी मिसळल्यावर धुरकटते. चुलीच्या मागे दाट, वर जाताना पसरत, आढ्याच्या वाशांवर परत दाट, कारण धूर तिथे अडकतो. शिंक्याची दोरी पण काळी केली. उतरंडीच्या खालच्या मडक्याला नाही, वरच्याला. मग चुलीत खरी राख घातली, अगरबत्तीची. आणि दाराच्या चौकटीला, जिथे आजी आत येताना हात टेकायची, तिथे बोटानं थोडं तेल.

एका रात्रीत ते खोकं दहा किलो जड झालं असं वाटलं.

---

तुळशीबाग:
तेल वाचून अंगावर काटा आला. आमच्याही चौकटीला तसा डाग होता, रंग दिला तरी वर यायचा.

---

शेवंती७:
मिठाच्या युक्तीबद्दल शंका: मीठ आतच राहिलं तर? माझ्या जात्यात पांढरे ठिपके दिसताहेत.

---

चिंचोका:
@शेवंती७, कोमट पाण्यात रात्रभर ठेव आणि जुन्या टूथब्रशनं घास. दाणे अर्धेच दाबायचे, पूर्ण बुडले तर पाणी पोचत नाही.

आणि आता एक घोळ झालाय. काल आईला व्हिडिओवर खोकं दाखवलं. ती गप्प. मग म्हणाली, "भिंत अगदी अश्शीच. पण मग ही खिडकी कशी?"

चुलीच्या उजवीकडे मी खिडकी केली आहे, गजांची, माझी सगळ्यात आवडती वस्तू. मला ती खिडकी आठवते, मी तिथे बसून कैरी खायचे. आई म्हणते की ती लग्न होऊन आली तेव्हा खिडकी नव्हतीच. भिंती काळ्याकुट्ट होत्या. आई दोन महिने खोकली, मग आजोबांनी गवंडी बोलावून भिंत फोडली आणि पाठोपाठ सगळीकडे चुना मारला. त्यानंतर भिंत पुन्हा कधी इतकी काळी झाली नाही. म्हणजे माझ्या खिडकीच्या काळात हा धूर नव्हता आणि या धुराच्या काळात खिडकी नव्हती.

काय करू? खिडकी बुजवू की भिंत धुऊ?

---

खडूस_काका:
खिडकी बुजवा. आजीचं स्वयंपाकघर म्हणालात ना? तुमचं नव्हे.

---

रानजाई:
अजिबात नको! आठवण तुमची, खोकं तुमचं. कोण तपासायला येतंय?

---

चिंचोका:
@रानजाई, आई. आई येतेय तपासायला, मार्चमध्ये.

---

लेस्टरची_लेक:
दोन खोकी कर. (मला माहितीये मी मदत करत नाहीये.)

---

सुकेळी:
भिंत फोडल्यावर लगेच चुना मारला का? मध्ये काही दिवस गेले असतील ना?

---

चिंचोका:
@सुकेळी, तुम्हाला काय देऊ! आईला विचारलं. गवंड्यानं संध्याकाळी भिंत फोडली, गज दुसऱ्या आठवड्यात आले आणि चुना शिमग्यानंतर. मधले दिवस नुसतं भगदाड, रात्री पोतं लावायचे. "सकाळी चूल पेटवली आणि पहिल्यांदा मला समोरच्या डब्यांची झाकणं दिसली," म्हणाली.

तेच करतेय. गज काढले. कडेचे चिरे तुटके, आतून ताजे लाल, बाकी भिंत काळी. खाली कॉर्कचा चुरा, तो तर आयताच आहे माझ्याकडे. पोत्यासाठी गोणपाट फार जाड पडतंय, कुणाकडे बारीक विणीचं काही असेल तर सुचवा.

---

मोती_तलाव:
जखमेवर बांधायची जाळीची पट्टी चहाच्या पाण्यात बुडवा. आणि गवंडी थापी विसरून गेला असेल तर तीही ठेवा कोपऱ्यात.

---

चिंचोका:
थापी तीन इंचांची की चार, कुणी मोजून सांगेल का?